परतीचा तक्ता

परतीच्या तक्त्यावर मोठ्या बाईंचं नाव बारा वर्षांत एकदाही आलं नव्हतं, आणि आज दुपारचे चार वाजले की ते यायची सोयच उरणार नव्हती. चार वाजता बाईंचा निरोपसमारंभ होता. त्यानंतर ओळखपत्र जमा, संगणकावरची परवानगी बंद, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर बाई घरी.

हा तक्ता म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. शहराला पाणी पुरवणाऱ्या या कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, चहाच्या मशिनशेजारी, एक मोठा जाड कागद भिंतीला लावलेला असतो. त्यावर चार रकाने: तारीख, कोणी बांधला, काय सापडलं, कोणी अडवला. शहरात बासष्ट पंपिंग स्टेशनं आहेत आणि प्रत्येक ठिकाणी एक लहानसा संगणक व्हॉल्व्ह उघडतो, मिटतो, पाण्यात क्लोरीन किती सोडायचं ते ठरवतो. त्या संगणकांचं सॉफ्टवेअर इथून जातं, आणि जातं ते कंटेनरमधून. जहाजावरचा लोखंडी कंटेनर नव्हे. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका पेटीत बांधून टाकायचं, म्हणजे पेटी कुठेही उघडा, आत तेच आणि तसंच. सोय मोठी, धोकाही तेवढाच, कारण बंद पेटीत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून पेटी निघण्याआधी तपासायची आणि पास झाली तरच तिच्यावर डिजिटल सही करायची. सही नसलेल्या कंटेनरला पंपिंग स्टेशन दारातही उभं करत नाही. नापास झाला तर कंटेनर परत, आणि बांधणाऱ्याचं नाव तक्त्यावर.

ही तक्त्याची कल्पना बाईंचीच. बारा वर्षांपूर्वी कोणीतरी बाहेरून आणलेला एक तयार तुकडा न बघता पेटीत भरला आणि अर्ध्या शहराचे नळ दोन दिवस कोरडे राहिले. चौकशी तीन महिने चालली. कोणी भरला ते कोणीच सांगेना. शेवटी चोर सोडून संन्याशाला फाशी या न्यायाने फोनवर तक्रारी घेणाऱ्या एका बिचाऱ्याची बदली झाली. बाईंचं डोकं असं तापलं की दुसऱ्याच दिवशी त्या खिळे-हातोडी घेऊन आल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीवर तो कागद ठोकला. "नाव लिहायचं ते लाज वाटावी म्हणून नाही," त्या म्हणाल्या, "तीच चूक दुसऱ्याने करू नये म्हणून." सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर लाज वाटायचीच.

वर्ष संपलं की तक्ता बदलायचा आणि जुना गुंडाळून कपाटात. अशा अकरा गुंडाळ्या कपाटात होत्या, बारावा तक्ता भिंतीवर. दर डिसेंबरात, खोलीत कोणी नाही असं बघून, बाई त्या गुंडाळ्या सोडायच्या आणि दुसऱ्या रकान्यावरून बोट फिरवायच्या. साहेबांचं नाव होतं, दोनदा. हुशार म्हणून गाजलेल्या सगळ्यांची होती. बाईंचं नव्हतं. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. याला गर्व म्हणा की अभिमान म्हणा, बाईंना दोन्ही चालायचं.

आता सुनेचं. तपासणीच्या खोलीत जी बसते ती बाईंची सून. कार्यालयात तिला 'नाकाबंदी' म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक आहे. लग्न होऊन घरात आली तेव्हा ती एका दुकानांच्या साखळीसाठी सॉफ्टवेअरच्या चाचण्या घ्यायची. बाईंनी तिला रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ताटं बाजूला सारून कंटेनर उघडून बघायला शिकवलं. बाईंनी आत काहीतरी वाईट लपवायचं आणि सुनेने ते शोधायचं, असा दोन वर्षं खेळ चालला होता. बाईंचा मुलगा शाळेत भूगोल शिकवतो. तो पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "लोकांच्या घरी सासू-सुना मालिका बघतात. आमच्याकडे व्हायरस बघतात. मला कोणी वाढेल का?"

मग इथली जागा निघाली. सून परीक्षा देऊन आली, आणि निवड समितीतून बाईंनी स्वतःचं नाव आधीच काढून घेतलं. तेव्हापासून पाच वर्षं दोघी एकाच गाडीने येतात. गाडी लावली की नातं गाडीतच. वर आल्यावर दोघी एकमेकींना 'मॅडम' म्हणतात आणि 'तुम्ही' म्हणतात. घरचाच माल आणि घरचीच तपासनीस असं कोणी म्हणायला नको, म्हणून बाईंनी तसं ठरवलं होतं. ठाऊक सगळ्यांना होतं, पण 'माझी सून' हे दोन शब्द बाईंच्या तोंडून त्या इमारतीत कोणी ऐकले नव्हते.

पाच वर्षांत सुनेने जवळजवळ प्रत्येकाचा कंटेनर परत पाठवला होता. कानामागून आली आणि तिखट झाली, असं लोक चहाच्या मशिनपाशी म्हणायचे. बाईंचा कंटेनर परत पाठवायची संधी तिला कधी मिळाली नाही, कारण बाईंनी ती दिली नाही.

तर आजची सकाळ. बाईंचा शेवटचा कंटेनर तयार होता. तीन वर्षांचं काम होतं ते. पाइपातला दाब अचानक उतरला की व्हॉल्व्ह आपणहून मिटेल, म्हणजे पाइप फुटला तरी माणूस पोचेपर्यंत पाणी रस्त्यावर वाहत राहणार नाही. चौघांनी कोड वाचला होता. एका स्टेशनवर दोन आठवडे चाचणी झाली होती. आता फक्त पेटी बांधायची, सही घ्यायची आणि चारच्या आत बाईंनी स्वतःच्या बोटाने बटण दाबायचं. उद्या तेच बटण दुसरं कोणीतरी दाबलं असतं आणि शहराला काही फरक पडला नसता. बाईंना पडला असता.

पेटी बांधायची जागा एकच. तळमजल्यावर कुलूपबंद खोलीत बिल्ड सर्व्हर आहे. तो सगळ्यांच्या सामायिक साठ्यातून कोड उचलतो, पेटी बांधतो आणि तिला जन्मदाखला जोडतो: कुठे बांधली, कधी, कोणत्या कोडवरून. मध्ये माणसाचा हात लागत नाही. पण आज तक्रारींच्या ॲपवाल्यांनी सकाळपासून तेवीस कंटेनर रांगेत लावून ठेवले होते. बाईंचा नंबर चोविसावा. अंदाजे वेळ, सव्वातीन.

बाईंकडे एक जुनी परवानगी होती. बिल्ड सर्व्हर यायच्या आधी सगळेच आपापल्या मशिनवर पेटी बांधून थेट रजिस्ट्रीत, म्हणजे सगळे कंटेनर ठेवायच्या सामायिक गोदामात, टाकायचे. नंतर ही वाट बंद झाली. बाईंनीच एकेकाची बंद केली. स्वतःची तेवढी राहिली, दिव्याखाली अंधार.

"एकतीस वर्षं हेच हात काम करताहेत," बाई स्वतःशी म्हणाल्या. "मशीन बदललं म्हणून काय आतला माल बदलतो?"

आणि त्यांनी आपल्या मशिनवर पेटी बांधली. नियम दुसऱ्यांच्या चुकांसाठी असतात असं नियम करणाऱ्यांना फार लवकर वाटू लागतं, आणि बाई त्याला अपवाद नव्हत्या. दहा पन्नासला कंटेनर रजिस्ट्रीत पोचला. अकरा वीसला निरोप आला: "परत. कुठे बांधला त्याचा दाखला जोडलेला नाही."

बाईंनी तो निरोप तीनदा वाचला. मग चष्मा कपाळावर चढवून त्या तपासणीच्या खोलीत गेल्या. हॉलमधल्या सगळ्यांना एकदम खूप काम आलं. टाइप करायचे आवाज वाढले आणि कान दाराकडे लागले.

"मॅडम, माझा कंटेनर परत आलाय."

"हो मॅडम. मीच पाठवलाय."

"आत काय वाईट सापडलं?"

"आत बघितलंच नाही," सून म्हणाली. "दाखला नसेल तर आत बघायची पाळीच येत नाही. पहिली पायरी तीच आहे. तुम्हीच लिहिलीये."

"मी काय लिहिलंय ते मला माहितीये. रांग सव्वातीनपर्यंत आहे, म्हणून मी माझ्या मशिनवर बांधलाय. मी सांगतेय ना, मी बांधलाय."

"तुम्ही सांगताय ते ऐकू येतंय मला. कंटेनर सांगत नाहीये."

बाईंनी खोल श्वास घेतला. "कोडच्या एकेका ओळीवरून चौघांची नजर फिरलीये."

"कोडवरून फिरलीये. पेटीवरून नाही. कोड आणि पेटीच्या मध्ये तुमचं मशीन आहे, आणि ते कोणी बघितलेलं नाही."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही."

सुनेने एक क्षण खाली बघितलं. मग आवाज उतरवून ती म्हणाली, "घरी आहे. इथे विश्वास ठेवायचा नाही म्हणूनच मला बसवलंय ना?"

बाई वळल्या आणि बाहेर पडल्या. चहाच्या मशिनपाशी कोणीतरी पुटपुटलं, "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे." पुटपुटणाऱ्याला वाटलं बाईंनी ऐकलं नाही. बाईंनी ऐकलं होतं. त्यांचे कान तापले. आपण शिकवलं, आपण घडवलं, आणि आजच्या दिवशी हिला हे सुचावं! गुरूची विद्या गुरूलाच. त्या थेट साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेब एके काळी बाईंच्या हाताखाली शिकलेले. माणूस चांगला, फक्त लोण्यासारखा. जरा ऊब लागली की वितळतो. "एवढंच ना बाई?" ते म्हणाले. "अपवादाचा फॉर्म भरा, मी मंजूर करतो. तक्त्यावर पण नको चढवायला. दाखल्याचं काय एवढं, किरकोळ गोष्ट. आजच्या दिवशी कोण बघतंय!"

बाई फॉर्म घेऊन आपल्या टेबलाशी आल्या. हाही फॉर्म त्यांचाच. कोणी सहज भरू नये म्हणून त्यांनी त्यात पाचवा मुद्दा घातला होता: पेटीतल्या प्रत्येक फाईलची यादी काढा, ती वाचा आणि 'मी वाचली' असं स्वतःच्या हाताने लिहा. या पाचव्या मुद्द्यापाशी आजवर भलेभले फॉर्म परत करून गेले होते.

"काढते की," बाई म्हणाल्या. "यादी काढते, छापते आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवते."

जुन्या पेटीत दोनशे तेरा फाईली होत्या. या वेळी बाईंनी एक नवी घातली होती, म्हणजे दोनशे चौदा. यादीच्या तळाशी आकडा आला दोनशे पंधरा. बाईंनी यादी पुन्हा काढली. दोनशे पंधरा. मग त्या एकेक ओळ पेन टेकवत वाचू लागल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. एकशे त्रेसष्टाव्या ओळीवर पेन थांबलं.

ती चाव्यांची फाईल होती, म्हणजे स्टेशनांचे संगणक उघडायच्या गुप्त संकेतांची.

तीन आठवड्यांपूर्वी एक स्टेशन अचानक बंद पडून आतून कुलूप लावून बसलं होतं. ते उघडायला बाईंनी संगणकावरच्या तिजोरीतली मुख्य चाव्यांची फाईल आपल्या मशिनवर उतरवून घेतली होती. काम झालं, घाईत फाईल तिथेच राहिली, याच कामाच्या फोल्डरमध्ये. बिल्ड सर्व्हरने पेटी बांधली असती तर ही फाईल आत जाणं शक्यच नव्हतं, कारण तो फक्त सामायिक साठ्यातलं उचलतो. बाईंच्या मशिनने फोल्डरमध्ये जे पडलं होतं ते सगळं उचललं. बासष्ट स्टेशनांच्या चाव्या त्या पेटीत होत्या, आणि ती पेटी बासष्ट ठिकाणी जाणार होती. तिथे दुरुस्तीला कोण कोण येतं, कोण काय उघडून बघतं, कोणी सांगावं? ज्याने ती उघडली असती, त्याला शहरातला प्रत्येक व्हॉल्व्ह आणि प्रत्येक क्लोरीनची टाकी उघडता आली असती.

बाई घोटभर पाणी प्यायल्या.

बारा वीस झाले होते. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पेटी पुसून टाकायची, फाईल काढायची, आणि रांगेतला आपला चोविसावा नंबर यायची वाट बघायची. साहेब डोळे मिटायला तयारच होते. सुनेला फक्त दाखल्याचं माहीत होतं, आणि तिला पेटी उघडून बघायचं कारणच उरणार नव्हतं. बाराही तक्त्यांवर बाईंचं नाव आलं नसतं.

पण रजिस्ट्रीत काहीही पडलं की दहा मिनिटांत त्याची एक प्रत आपोआप बाहेरच्या एका कंपनीच्या संगणकांवर जाते, इथे आग लागली तर उपयोगी पडावी म्हणून. म्हणजे चाव्या अकरा वाजताच इमारतीबाहेर गेल्या होत्या. तिथे बहुधा कोणी बघणार नव्हतं. बहुधा. बाईंनी आयुष्यात शेकडो लोकांच्या अहवालांमधला हा शब्द लाल पेनाने खोडला होता. त्या उठल्या, दार उघडलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"अगं ए, इकडे ये बघू!"

हॉलमध्ये टाइप करायचे आवाज थांबले. पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सून खुर्चीतून उठली आणि दारापर्यंत आली.

"बोला मॅडम."

"आत ये. दार लाव." मग बाई म्हणाल्या, "नको, उघडंच राहू दे."

त्यांनी एकशे त्रेसष्टाव्या ओळीवर बोट ठेवलं. सुनेने वाचलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला.

"बासष्टच्या बासष्ट?"

"बासष्टच्या बासष्ट. आणि प्रत बाहेर गेलीये."

बाई आता वाट बघत होत्या. 'बघा, मी म्हणत होते ना' हे वाक्य कोणत्याही सुनेचा जन्मसिद्ध हक्क आहे, आणि ते ऐकून घ्यायची त्यांनी तयारी केली होती. सून मनात हिशेब करत होती. "चाव्या बदलायला एका स्टेशनला किती वेळ लागतो?"

"चार मिनिटं. ऑपरेटर जागेवर असला तर."

"दोघींनी केलं तर दोन तास, थोडे वर. मी पहिली एकतीस घेते."

"थांब." बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "सकाळी परत पाठवलास तेव्हा तुला जरा तरी शंका होती? आत असं काही असेल म्हणून?"

"नाही. सांगितलं ना, आत बघितलंच नव्हतं."

"नुसता दाखला नाही म्हणून?"

"नुसता दाखला नाही म्हणून." सून फोनची यादी उचलत होती. "टेबलावर बसून शिकवत होतात तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाला होतात. वाईट सापडल्यावर कोणीही अडवेल. काहीच सापडलेलं नसताना अडवता आलं पाहिजे."

बाईंना ते वाक्य आठवत नव्हतं. आपण असं म्हणालो असू हे मात्र पटलं, आणि मघापासून तापलेले कान एकदम निवले. काहीच हातात नसताना, शेवटच्या दिवशी, सगळ्या हॉलसमोर, सासूला 'नाही' म्हणायला किती जीव लागला असेल! आणि ही मुलगी आज संध्याकाळी त्याच सासूबरोबर त्याच गाडीतून घरी जाणार होती. बाईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण वेळ नव्हता, आणि तिने फोन लावलाही होता.

दोघी समोरासमोर बसल्या. ऑपरेटरला फोन करायचा, जुनी चावी रद्द करायची, नवी पाठवायची, त्याला कुलूप उघडून-लावून बघायला सांगायचं, वहीत खूण. पहिल्याच स्टेशनचा ऑपरेटर जुना ओळखीचा निघाला. "बाई, आज तर तुमचा शेवटचा दिवस ना? आज कसल्या चाव्या काढल्यात?"

बाईंची जीभ जरा अडखळली. "माझी एक चूक झालीये. ती निस्तरतेय."

पलीकडचा माणूस म्हणाला, "होतं बाई. सांगा, काय दाबू?"

दुसऱ्यालाही त्यांनी तेच सांगितलं, तिसऱ्यालाही. दहाव्या फोनपर्यंत ते वाक्य तोंडात बसलं आणि विसाव्यापर्यंत त्याची टोचणी गेली. एका स्टेशनवर कोणी फोन उचलेना. शेजारच्या स्टेशनवरचा माणूस सायकल काढून तिकडे गेला तेव्हा कळलं की साहेबांनी तिथल्या सगळ्यांना समारंभाला बोलावलंय आणि ते वाटेत आहेत. मग तिथली चावीही त्यानेच बदलून घेतली. सुनेची बाजू दोन वाजून चाळीस मिनिटांनी संपली. ती बाईंच्या यादीतली शेवटची चार घेऊन बसली. तिने बाहेरच्या कंपनीला प्रत पुसायचं पत्र पाठवलं आणि पुसल्याचा पुरावाही मागवला. बाईंनी चाव्यांची फाईल आपल्या मशिनवरून काढली, आणि मग रजिस्ट्रीत जाऊन आपली ती जुनी परवानगी शोधली. बंद करायचं बटण त्यांनी स्वतःच दाबलं.

सव्वातीनला बिल्ड सर्व्हरवर चोविसावा नंबर आला. पेटी बांधली गेली, दाखल्यासकट. दोनशे चौदा फाईली. आता तपासणी.

इथे दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, मघाशी यादी वाचलीच आहे, टाका उरकून. सुनेने पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. दाखला. पेटीचा हॅश, म्हणजे तिच्या बोटाचा ठसा, दाखल्यावरच्या ठशाशी जुळतो का. सामानाची यादी. त्यातल्या प्रत्येक तुकड्यात जगात कुठे सुरक्षेचं भोक सापडलंय का. चार वाजले. साहेबांनी दारातून डोकं घातलं. "झालं का?"

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

बाईंची परवानगी चारला बंद व्हायची होती. साहेबांनी ती पाचपर्यंत वाढवायचा अर्ज लिहिला. सुनेने तो अर्जही शेवटपर्यंत वाचला आणि त्यात वेळ टाकायची राहिली होती ती त्यांच्याकडून टाकून घेतली. समारंभाच्या खोलीत चहा गार होत होता. मुलगा शाळा सुटल्यावर फुलं घेऊन आला होता आणि दोन तपासनिसांच्या घरातल्या माणसाला थांबायची जी सवय असते, तिने निवांत खुर्चीत बसून होता.

चार पस्तीसला सून म्हणाली, "पास." तिने सही केली. बाईंनी बटण दाबलं. भिंतीवरच्या पडद्यावर एकेक स्टेशन हिरवं होऊ लागलं. बासष्टावं हिरवं झालं तेव्हा बाईंनी चष्मा काढून पुसला, आणि मग डोळेही.

समारंभ सुरू झाला. साहेब बोलायला उभे राहिले. त्यांना दाखल्याचं ठाऊक होतं, चाव्यांचंही आता ठाऊक झालं होतं, पण ते विसरायचं त्यांनी मोठ्या मनाने ठरवलेलं दिसत होतं. "आपल्या मोठ्या बाई," ते म्हणाले, "बारा वर्षांत ज्यांचं नाव परतीच्या तक्त्यावर एकदाही..."

"थांबा साहेब," बाई म्हणाल्या.

त्यांनी कोणाच्या तरी खिशातलं पेन मागून घेतलं आणि त्या खोलीबाहेर चालू लागल्या. लोक हातात कागदी कप घेऊन मागोमाग गेले, काय चाललंय ते न कळता. चहाच्या मशिनपाशी गर्दी झाली. बाई तक्त्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी दुसऱ्या रकान्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं. लग्नपत्रिकेवर लिहावं तसं, नीट, टपोरं. मग तिसऱ्या रकान्यात लिहू लागल्या आणि मागचा एकजण ते सगळ्यांसाठी मोठ्याने वाचू लागला.

"घाईपायी स्वतःच्या मशिनवर बांधला. आत बासष्ट स्टेशनांच्या चाव्या राहिल्या. सगळ्या बदलल्या. माझी जुनी परवानगी मी कधीच बंद करायला हवी होती. आज केली."

साहेब आपल्या भाषणाच्या कागदाची घडी घालत होते.

चौथा रकाना. तिथे अडवणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. बाईंचं पेन जरा थांबलं आणि मग त्यांनी लिहिलं: माझी सून.

मोठ्याने वाचणाऱ्याला ते वाचायचा धीर झाला नाही. बाईच वळल्या.

"बारा वर्षं या रकान्यात माझं नाव नाही म्हणून मी मिरवत होते," त्या म्हणाल्या. "दर डिसेंबरात जुने तक्ते काढून बघायचे, आज सांगते. पण त्या सगळ्या वर्षांत मला जेवढा अभिमान वाटला नसेल तेवढा आज वाटतोय. हिच्या हातात काही पुरावा नव्हता. समोर मी होते. तरी हिने माझं तोंड बघून सही केली नाही. केली असती तर आत्ता शहराच्या चाव्या रस्त्यावर असत्या. तुम्ही हिला काय म्हणता ते मला ठाऊक आहे. ती माझी सून आहे. पाच वर्षं म्हणाले नाही, ते चुकलंच माझं."

पहिली टाळी मुलाची होती, फुलं काखेत धरून वाजवलेली. मग सगळ्यांच्या. सकाळी इथेच पुटपुटलेला माणूस सगळ्यांत जोरात वाजवत होता.

सून भिंतीला टेकून उभी होती. डोळे भरले होते, ते तिने बोटांनी निपटले. मग गर्दीतून वाट काढत पुढे आली, तक्त्यासमोर उभी राहिली आणि नव्या ओळीवरून बोट फिरवत तिने एकेक रकाना वाचला. सगळे तिच्याकडे बघत होते. बोट चौथ्या रकान्यावर जरा जास्त वेळ थांबलं, मग पुन्हा मागे, पहिल्या रकान्यावर आलं.

"आई," ती सगळ्यांना ऐकू येईल अशी म्हणाली, "तारीख राहिली."

बाईंनी पेन पुन्हा उघडलं आणि तारीख लिहिली.